कपात आपल्या हाताने



शिळफाटा म्हटले की पुष्कळांना मुंब्र्याकडचा शिळफाटा आठवतो. आम्ही म्हणतो तो खोपोलीचा. बोरघाट उतरून खाली आले की जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला पालीचा रस्ता जिथे फुटतो, तो. खालापूर तालुक्याचा हा मुलूख भाताचा. इथे ऊस नाही आणि साखरेच्या धुराड्याचा धूरही नाही. तरीसुद्धा आपल्या कार्यक्षेत्रातली निदान पाच-पंचवीस पोरे या फाट्याच्या आसपास खोल्या घेऊन राहतात. कोणी पोलादाच्या कारखान्यात, कोणी इंजिनिअरिंगच्या, कोणी कंत्राटदाराकडे. सगळी आपल्या सभासदांची मुले. डिप्लोमा नाहीतर डिग्री झालेली, आणि त्यातली बरीचशी बँकेचे शैक्षणिक कर्ज घेऊन झालेली.

गेल्या श्रावणात मुंबईचे काम आटोपून परतताना आम्ही मुद्दाम तिथे उतरलो. एका जुन्या सभासदांनी लेकासाठी भडंगाचा डबा आणि तुपाची बरणी दिली होती. जाताना गडबडीत ती द्यायची राहिली, म्हणून येताना पोहोचवायची होती. पाऊस घाटावर पडतो तसा नाही, खोपोलीला तो ओततो. छत्री मोडून आम्ही खोलीवर पोहोचलो तेव्हा चौघे जण रात्रपाळीला निघायच्या तयारीत होते. डबा दिला, चहा झाला. मग त्या मुलाने गादीखालून एक कागद काढला आणि आमच्यासमोर धरला.

"काका, तुम्ही हिशेबातले. एवढं बघा. आम्ही बँकेकडून चार लाख घेतले होते. आता बँक म्हणते पाच लाख चाळीस हजार. हे वरचे एक लाख चाळीस हजार कुणी घेतले?"

प्रश्न आम्हाला फार आवडला. इतका सरळ प्रश्न आपल्या वार्षिक सभेतसुद्धा हल्ली कोणी विचारीत नाही.

मेसच्या पावतीच्या मागे आम्ही तिथेच मांडणी केली. ती इथे देतो, कारण ज्यांच्या घरात असे कर्ज आहे त्या प्रत्येकाने ती एकदा आपल्या हाताने मांडावी अशी आमची इच्छा आहे. आकडे सोपे जावेत म्हणून व्याज शेकडा 10 धरले आहे. प्रत्यक्षात ते बँकेप्रमाणे कमीजास्त असते. दरवर्षी एक लाख असे चार वर्षांत चार लाख उचलले. शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर आणखी एक वर्ष हप्ता नाही, अशी सवलत साधारणपणे असते. हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, असा सोयीस्कर समज आपण करून घेतो, आणि गोम तिथेच आहे. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे व्याज चढले, 50 हजार. दुसऱ्यावर चार वर्षांचे, 40 हजार. तिसऱ्यावर 30 आणि चौथ्यावर 20. बेरीज 1 लाख 40 हजार. कोणी चोरले नाही, कोणी लुबाडले नाही. मूल वर्गात बसले होते, बाप शेतात होता, आणि व्याज आपले काम चोख करीत होते.

पुढे ऐका. या 5 लाख 40 हजारांची फेड दहा वर्षांत करायची तर महिन्याचा हप्ता सुमारे 7,140 रुपये बसतो आणि एकूण भरणा होतो 8 लाख 56 हजार. पंधरा वर्षांत करायची तर हप्ता 5,800 च्या आसपास येतो, मुलाला बरे वाटते, पण एकूण भरणा जातो साडेदहा लाखांच्या घरात. महिन्याला साडेतेराशे रुपये वाचविण्यासाठी एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार जास्तीचे मोजायचे. आणि समजा शिक्षणाच्या काळातले व्याजच दरमहा भरत गेलो असतो तर? पहिल्या वर्षी महिन्याला 833 रुपये, दुसऱ्या वर्षी 1,667, तिसऱ्या वर्षी 2,500, आणि पुढे 3,333. मग कर्ज चार लाखांवरच थांबते, दहा वर्षांचा हप्ता 5,290 च्या आत बसतो, आणि भरलेले व्याज धरूनही एकूण रक्कम 7 लाख 75 हजारांच्या आत राहते. ऐंशी हजारांवर रुपये वाचतात. शिवाय त्या काळात व्याज नियमाने भरणाऱ्याला बँक दरात एक टक्का सवलत देऊ शकते. ती मागावी लागते, आपण होऊन कोणी घरी आणून देत नाही.

मुलगा बराच वेळ त्या पावतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आठशे तेहतीस रुपये तर दादांनी दिले असते की, काका. सांगितलंच नाही कुणी."

हे 'सांगितलंच नाही कुणी' आमच्या मनातून जाईना. घाट चढून एस.टी. लोणावळ्याला येईपर्यंत तेच डोक्यात होते. बँकेने सांगावयास हवे होते हे तर खरेच. कागदावर ते छापलेले असते, सही करतेवेळी बापाच्या हातात चष्मा नसतो, ही गोष्ट वेगळी. पण आपण शेतकरी माणसे कर्जाला काय नवीन आहोत? आपल्या आज्या-पणज्यांचे आयुष्य कर्जात गेले. 1875 साली पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या त्या याच व्याजापायी. 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, पुढे गावोगाव सोसायट्या निघाल्या, 1950 च्या सुमारास प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला, या सगळ्यामागे व्याजाची धास्ती हेच एक मोठे कारण होते. मग ज्यांच्या रक्तात व्याजाची भीती आहे त्यांच्याच घरात एक लाख चाळीस हजार न कळता कसे चढतात?

आमचे उत्तर असे आहे, आणि ते काही सभासदांना रुचणार नाही. आपल्याला कर्ज घ्यावयाची सवय आहे, पण ते आपल्या हाताने फेडावयाची राहिलेली नाही. सोसायटीचे पीक कर्ज आपण उचलतो. ऊस कारखान्याला जातो. बिल निघते तेव्हा सोसायटीची रक्कम परस्पर कापून जाते आणि उरलेले खात्यावर पडते. आपण फक्त पावती बघतो, आणि कपातीबद्दल चार शब्द बोलून ती खिशात घालतो. फेड झाली खरी, पण ती आपण केली नाही, आपल्याकडून झाली. त्यातून 2021 पासून तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत भरले तर व्याजच पडत नाही. ही सवलत चांगलीच आहे, आम्ही तिच्या विरुद्ध नाही. पण व्याज रोज चालते, रात्री झोपत नाही, हे ज्ञान तिच्यामुळे आपल्या घरातून हळूहळू नाहीसे झाले.

(एक गोष्ट मात्र आपण विसरलेलो नाही. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस तुटून गेल्यावर चौदा दिवसांत पैसे मिळावयास हवेत, नाहीतर शेकडा 15 ने व्याज. हे कलम प्रत्येक सभासदाला तोंडपाठ आहे. कारखान्याकडून येणे असलेले व्याज आपल्याला कळते, बँकेला देणे असलेले कळत नाही! कारखान्यानेही त्या चौदा दिवसांच्या बाबतीत स्वतःकडे बघावे, हे आम्ही याच पत्रिकेत पूर्वी लिहिले आहे. असो.)

शैक्षणिक कर्जाला ऊसबिल नाही, त्याला चिटबॉय नाही, परस्पर कापून घेणारा काटा नाही. पगार थेट मुलाच्या खात्यावर येतो, आणि कपात त्याची त्याने करावयाची असते. तीही अशा वयात, की जेव्हा पहिल्यांदाच चार पैसे हातात खेळतात.

त्या चौघांचा जमाखर्च आम्ही विचारला. आधी लाजले, मग बोलले. एकाला हातात बावीस हजार पडतात. खोलीच्या भाड्याचा वाटा 2,500, मेस 3,500, घरी 5,000, गावाला येण्याजाण्याचे आणि कर्जतपर्यंतच्या लोकलचे वगैरे धरून 1,500, फोनचे आणि किरकोळ 500. हे झाले 13 हजार. दहा वर्षांच्या हिशेबाने हप्ता 7,140. म्हणजे सगळे भागवून अठराशेच्या वर शिल्लक उरावयास हवी. पण उरत नाही. का? तर मोटारसायकलचा हप्ता 3,200 आणि फोनचा 1,800. दोन्ही नोकरी लागल्याच्या पहिल्या तीन महिन्यांत घेतलेले. त्या वेळी शिक्षणाचा हप्ता सुरू व्हावयाचा होता, त्यामुळे पगार मोठा वाटला. "सगळ्यांनी घेतली म्हणून घेतली," असे तो म्हणाला. आम्हाला राग आला नाही. आम्ही पहिला पगार झाला तेव्हा रेडिओ घेतला होता, आणि आमच्या वडिलांनी महिनाभर तो ऐकला नाही.

मोटारसायकल घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. शिळफाट्यावरून कारखान्यात रात्री दोनला पाळी सुटल्यावर पोराने पावसात चालत यावे काय? पण क्रम चुकला. जे कर्ज आधीपासून अंगावर आहे त्याचा हप्ता, तो सुरू झालेला असो वा नसो, पहिल्या पगारापासून बाजूला पडला पाहिजे. बँकेत सूचना देऊन ठेवावी की पगार ज्या दिवशी जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी रक्कम कर्जखात्यावर वळती व्हावी. महिनाअखेरीस राहील त्यातून भरू म्हणणाऱ्याचे महिनाअखेरीस काही राहात नाही, हे ज्यांनी पगारावर संसार केला त्यांना सांगावयास नको. हीच ती कपात, फक्त काटा आपल्या हातात.

खर्चाची वही हा दुसरा मुद्दा. हल्ली फोनवरून पैसे जातात. खिशातली नोट कमी होताना जी कळ लागते ती आता लागत नाही. फाट्यावर वडापाव, चहा, रविवारी खोपोलीत जेवण, कोणाचा वाढदिवस, एखादा सिनेमा. यातले एकही पाप नव्हे. पण त्यांच्यापैकी एकाने आमच्यासमोरच फोनमधले महिन्याचे व्यवहार मोजले आणि दोनशेच्या खालचे जे खर्च त्याला आठवतसुद्धा नव्हते त्यांची बेरीज तीन हजार एकशे झाली. तो स्वतःच हसू लागला. आम्ही त्याला एकच सांगितले, की काही सोडू नकोस, फक्त रात्री झोपण्यापूर्वी वहीत लिही. फोनमध्ये नव्हे, वहीत, पेनने. आपल्या आयांनी दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहूनच घरे चालविली. लिहिलेला खर्च दुसऱ्या महिन्यात आपोआप आकसतो, हा आमचा अनुभव आहे.

आणि त्यातून हजार रुपये निघाले तर काय होते? ज्याने पंधरा वर्षांची मुदत घेतली आहे त्याने हप्त्यापेक्षा दरमहा फक्त एक हजार जास्त भरले तर तेच कर्ज पंधराऐवजी अकरा वर्षांच्या आत फिटते आणि दीड लाखांच्यावर व्याज वाचते. बदलत्या व्याजदराचे व्यक्तिगत कर्ज मुदतीपूर्वी फेडल्याबद्दल बँकेला दंड आकारता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तेव्हा दिवाळीचा बोनस, थकबाकीचा फरक, शेतातला जादा पैसा यातला काही भाग त्या खात्यावर टाकावयास कोणाचीही आडकाठी नाही. भरताना मात्र जादा रक्कम मुद्दलात जमा करावी असे लेखी द्यावे.

एका बाबतीत आम्ही अतिशय कडक आहोत. एक हप्ता चुकला म्हणून फोनवरच्या झटपट कर्जावर तो भरावयाचा नाही. पाच मिनिटांत पैसे देणारे जे आहेत ते पाच मिनिटांत पैसे का देतात याचा विचार करावा. या मंडळींच्या वसुलीच्या तऱ्हा इतक्या वाढल्या की 2022 साली रिझर्व्ह बँकेला त्यासाठी वेगळे नियम काढावे लागले. नोकरी सुटली, आजारपण आले, तर हप्ता चुकण्यापूर्वी बँकेत जावे. बँकांच्या संघाने केलेल्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत, जी 2001 पासून चालत आली आहे, बेकारीच्या काळात हप्ते थांबवून देण्याची तरतूद पुढच्या सुधारणांत झालेली आहे. पण ती मागणाऱ्यासाठी आहे, तोंड लपविणाऱ्यासाठी नाही. तीन महिने काहीच भरले नाही की खाते थकीत वर्गात जाते. आणि हे कर्ज एकट्या मुलाचे नसते, सहकर्जदार म्हणून बापाची नाहीतर आईची सही असते. म्हणजे शिळफाट्यावर हप्ता थकला की त्याची नोंद गावाकडे बापाच्या नावापुढे पडते. पुढच्या वर्षी बाप ठिबकसाठी बँकेत गेला की साहेब मान हलवितो, आणि बापाला कळतसुद्धा नाही की का.

माफीची वाट बघणारेही आहेत. एक आई आम्हाला म्हणाली, "आवं, शेतीचं माफ झालं, तसं ह्येबी हुईल की कवातरी." तिला आम्ही काय सांगणार? 2008 ला केंद्राची माफी झाली, 2017 ला आणि 2019 ला राज्याची. ज्यांनी धडपडून भरले होते ते त्या वेळी हसण्यावारी गेले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्याची चीड अजून आहे. पण महाराष्ट्रात शैक्षणिक कर्जाला अशी सरसकट माफी आजवर झालेली नाही. मिळतात त्या सवलती वेगळ्या आहेत, आणि त्या अर्ज केल्यावाचून मिळत नाहीत. घरचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर ठराविक व्यावसायिक अभ्यासक्रमांना सवलतीच्या काळातले सगळे व्याज केंद्र सरकार भरते, ही योजना 2009 सालची आहे. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली, तिच्यात निवडक संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना, उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शेकडा 3 व्याज सवलत आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती तर कर्जाच्याही आधी बघावयाची, कारण जी फी भरावीच लागली नाही तिच्यावर व्याज नसते. मुलींना 2024-25 पासून पुष्कळ व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत मिळू लागली आहे. त्या खोलीतल्या चौघांपैकी दोघे साडेचार लाखांच्या आतले. एकानेही तहसीलदारांचा दाखला बँकेत दिला नव्हता! म्हणजे तो एक लाख चाळीस हजारांचा प्रश्न कदाचित उद्भवलाच नसता. आम्ही पावती खाली ठेवली ती तेव्हा.

शिकण्यासाठी दुसऱ्याचा पैसा घेणे यात कमीपणा आहे असे समजणारेही आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, आणि त्याबदली दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करार लिहून देऊन. शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. बडोद्यात त्यांना राहावयास जागासुद्धा मिळू दिली नाही, ती कथा सर्वांना माहीत आहे. पण त्यानंतरचा भाग कमी सांगितला जातो. 1918 साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. आता चांगला पगार सुरू झाला म्हणून घर सजविले नाही. परळच्या चाळीतच राहिले, पगारातून शिल्लक टाकीत गेले, आणि 1920 मध्ये ती शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज घेऊन पुन्हा लंडनला गेले. पगार वाढला तेव्हा त्यांनी खर्च वाढू दिला नाही. आमच्या पोरांना त्यांचे ग्रंथ वाचावयास वेळ नसेल तर निदान हे दीड वर्ष त्यांनी वाचावे.

दुसरी गोष्ट त्या खोपोलीतलीच. डोंगरावरून उतरणारे मोठाले नळ आणि खाली टाटांचे वीजघर तिथे सगळे बघतात. वळवण, लोणावळ्याच्या तळ्यांत पावसाळ्यात पाणी साठवायचे आणि ते वर्षभर मोजून खाली सोडायचे, या हिशेबावर ते 1915 पासून चालले. ज्या जमशेटजींच्या कल्पनेतून ते निघाले, त्यांनीच त्याआधी 1892 साली उच्च शिक्षणासाठी एक निधी काढला. तो दान देत नाही, कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. शिकून आलेल्याने पैसे परत करायचे आणि त्या पैशावर पुढचा जायचा. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन, आपल्या कोल्हापूरचे जयंत नारळीकर, हे या निधीच्या मदतीने परदेशी शिकलेले. सव्वाशे वर्षांवर तो निधी आटला नाही, कारण वरून घेतलेले पाणी खालच्याने परत वर पोचविले. बँकेचे कर्ज तसे नाही, बँक नफा बघते, हे आम्हाला मान्य. पण गावातल्या एका पोराने शैक्षणिक कर्ज बुडविले की त्याच शाखेत दुसऱ्या पोराच्या बापाला कसे उत्तर मिळते, हेही आम्ही ऐकलेले आहे.

आता आमची सूचना. ती संचालक मंडळापुढे लेखी ठेवलेली आहे आणि येत्या वार्षिक सभेत चर्चेला यावी अशी विनंती आहे. ज्या सभासदाचा मुलगा वा मुलगी शैक्षणिक कर्जावर शिकत आहे, त्याने स्वतःच्या इच्छेने तसे लिहून दिल्यास त्याच्या ऊसबिलातून शिक्षणाच्या काळातले व्याज दर हंगामात थेट त्या कर्जखात्यावर पाठवावे. चार लाखांच्या कर्जाला हे पहिल्या वर्षी दहा हजार, दुसऱ्या वर्षी वीस, तिसऱ्या वर्षी तीस, आणि पुढे चाळीस असे बसते. ज्यांना सरकारची व्याज सवलत लागू आहे त्यांनी यात पडूच नये, त्यांना दाखला मिळवून देण्याचे काम गट कार्यालयाने करावे.

याला विरोध होणार, आणि तो कसा होणार हेही आम्हाला ठाऊक आहे. "आधीच कपाती काय कमी आहेत?" ठेवी, निधी, वर्गण्या, अमुक सहाय्य, तमुक सहाय्य. बिल हातात येईपर्यंत उसाचे चिपाड होते. हा आक्षेप रास्त आहे. आम्ही स्वतः सभासद आहोत, आमचेही बिल कापले जाते. म्हणूनच 'स्वतःच्या इच्छेने' हे शब्द आम्ही सूचनेत दोनदा घातले, आणि दिलेली संमती कोणत्याही हंगामात एका अर्जाने मागे घेता यावी, असे तिसरे कलम जोडले. आणखी एक आक्षेप आमच्याच घरातून आला. आम्ही एवढे परस्पर कपातीविरुद्ध लिहितो आणि शेवटी कपातच सुचवितो, हे कसे? खरे आहे. पण मूल शिकत असते तोवर पैसा बापाचा आहे, आणि बापाची सवय आता साठाव्या वर्षी बदलावयाची नाही. मुलाची बदलता येईल. पहिला पगार झाला की बापाची कपात बंद आणि मुलाची सुरू, असा तो खांदेपालट आहे.

परवा त्या मुलाचा फोन आला होता. मोटारसायकल विकली का, असे आम्ही विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. त्याने बँकेत जाऊन हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवसावर आणून घेतला आहे, मुदत पंधराची दहा करून मागितली आहे, आणि बँकेचे उत्तर अजून यावयाचे आहे. खोलीतल्या चौथ्याची बहीण पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला जाणार, तिच्यासाठी दाखल्याला काय काय कागद लागतात ते त्याला हवे होते. आम्ही यादी गट कार्यालयात लावून ठेवली आहे. ज्या सभासदांना ती हवी असेल त्यांनी तोडणीची नोंद करावयास येतील तेव्हा मागून घ्यावी.